काळी मोटार आणि बादलीभर पाणी

काळ्या रंगाची मोटार घेतली की सल्ले मागावे लागत नाहीत. "काळी कशाला घेतलीत? पांढरी घ्यायची, विकताना बरी पडते," हा पहिला. "उन्हात फार तापते हो," हा दुसरा. तिसरा सल्लागार काहीच बोलत नाही. तो बॉनेटवरून एक बोट फिरवतो आणि त्या बोटाकडे पाहत राहतो. अशा वेळी आपण खिशातून रुमाल काढायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून!

आमच्याकडे पुण्यात गेली आठ वर्षे काळी मोटार आहे, त्यामुळे तिच्या सुखाबद्दल आधी बोलले पाहिजे. रविवारी सकाळी मोटार धुवावी, पुसावी आणि दोन पावले मागे सरून पाहावे. दारावर अख्खा गुलमोहर उमटलेला असतो, बॉनेटवर आभाळ उतरलेले असते, आणि वाकून पाहिले तर आपला चेहराही दिसतो. तो जरा रुंद दिसतो, पण तेवढे चालते. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावले, की काळ्यावर केशरी आणि पिवळा रंग असा काही खुलतो की शेजारची पांढरी मोटार बिचारी परीटघडीच्या सदऱ्यासारखी वाटते. हे सुख टिकते किती? कावळ्याची मर्जी असेल तोवर. कावळा नसेल तर मांजर आहे. काचेवरून चढून टपावर झोपायला जाणाऱ्या मांजराच्या पावलांचा माग काढायचा असेल, तर काळ्या मोटारीसारखी दुसरी जागा नाही.

वास्तविक काळी मोटार इतरांपेक्षा अधिक मळत नाही. शेजारच्या चंदेरी मोटारीवरही तेवढीच धूळ बसलेली असते. फक्त धुळीचा आणि चंदेरीचा रंग मिळताजुळता, म्हणून ती लपून जाते. काळा रंग स्वतः फारसा प्रकाश परत पाठवत नाही. आपल्याला दिसते ते वरच्या गुळगुळीत थरातले प्रतिबिंब. त्या थरावर फिकट धूळ बसली की फळ्यावर खडू फिरवल्यासारखे होते. पुण्याची धूळ राखाडी, कोकणात जाऊन यावे तर तांबडी. काळ्यावर दोन्ही तितक्याच ठसठशीत. बोअरच्या पाण्याचे थेंब वाळले की मागे क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, तेही तिथेच दिसतात. थोडक्यात, काळी मोटार काही लपवत नाही, एवढाच तिचा दोष.

आपल्या समाजाची रंगाबद्दलची मते हा एक स्वतंत्र विषय आहे. मुलासाठी स्थळ पाहताना मुलगी 'गोरीपान' हवी म्हणणाऱ्या घरालाच मोटार मात्र काळी रुबाबदार वाटते. असो. अमेरिकेत फोर्डची 'मॉडेल टी' १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्याच रंगात निघत असे. तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकांना निदान रंग निवडण्याची डोकेदुखी नव्हती.

काळी मोटार पुसण्यातले खरे तज्ज्ञ मात्र मुंबईचे टॅक्सीवाले. टप पिवळा, बाकी अंग काळे. सकाळी स्टँडवर चहाचा पेला टपावर ठेवून, फडके झटकत गाडीभोवती फिरणारा चालक ज्याने पाहिला नाही, त्याने मुंबई पाहिली नाही. प्रीमियर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत टॅक्सी म्हणून धावत नाहीत. त्यांची वीस वर्षांची मुदत भरली. काळा-पिवळा रंग दुसऱ्या गाड्यांवर राहिला आणि फडकेही राहिले. त्या माणसाचे पोट त्या गाडीवर चालते. ती त्याने रोज पुसावी, यात नवल नाही. प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे. आपण रोज कुणासाठी पुसतो? की पुसून घेतो?

कारण बहुतेक सोसायट्यांत मालक मोटार पुसतच नाही. पहाटे पाचला एक मुलगा येतो. एक बादली, एक फडके आणि दहा-बारा मोटारी. चौथ्या मोटारीपर्यंत बादलीतले पाणी चहासारखे होते. आम्ही झोपेतून उठतो तेव्हा वायपर उभे केलेले असतात. काम झाल्याची ती त्याची सही. वायपर उभे दिसले की मालक खूश. पण फडक्यात आणि धुळीत वाळूचे बारीक कण असतात, आणि वाळूतले गारगोटीचे कण मोटारीच्या रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण. ते रोज घासले जातात. वर्षभराने उन्हात उभी केलेली काळी मोटार पाहावी: कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल चरे साऱ्या अंगावर. मग आपण त्या मुलावर ओरडतो. दर मोटारीला स्वच्छ पाणी घे, दुसरे फडके वापर, म्हणून बजावतो. त्याला त्या पाण्याचा नळ कोण देणार आणि वाढलेल्या वेळाचे पैसे कोण देणार, हे मात्र आपण बोलत नाही.

आणि पाणी म्हणजे किती? नळी लावून दहा मिनिटे मोटार धुतली की शंभर लिटर सहज जातात. शहरातल्या माणसासाठी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी मापदंड. म्हणजे एका मोटारीची आंघोळ जवळजवळ एका माणसाचा दिवस. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. १२ तारखेला पहिली गाडी पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. नळीने धुतलेल्या पाच हजार मोटारी! हा हिशेब मांडला की सोसायटीच्या बैठकीत लोक घड्याळाकडे पाहू लागतात. मे महिन्यात दारात टँकर उभा असतो आणि त्याच टँकरचे पाणी तळमजल्यावर मोटारींवर फिरत असते, हे मात्र कुणाला खटकत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. काळी मोटार खुशाल घ्यावी, पण तिच्यावर धूळ बसू द्यावी. आठवड्यातून एकदा दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची. आधी तांब्याने पाणी ओतून धूळ भिजवून खाली घालवावी, मग मऊ फडक्याने वरून खाली यावे आणि सावलीत कोरडी करावी. तीसेक लिटरमध्ये काम होते आणि रंगही टिकतो. पहाटेच्या मुलाला त्याच एका दिवसाचे, पण महिन्याच्या पूर्ण पगाराइतके पैसे द्यावेत. "मग रोज काय करू?" असे आमच्याकडच्याने विचारले. झोप, असे सांगितले. त्याला ते खरे वाटायला महिना लागला.

बाकीचे सहा दिवस मोटार राखाडी असते. गुरुवारपर्यंत तिची पाटी होते आणि खाली खेळणारी पोरे तिच्यावर बोटाने लिहू लागतात. एकाने डिकीवर सातचा पाढा सातापर्यंत लिहिला होता, त्यात सहा साते चुकले होते. शेजाऱ्यांना वाटले, आता मी रागावणार. मी फक्त एवढेच सांगितले, की बेचाळीस कर आणि बोट दाबू नकोस.