किल्ली मित्राच्या हाती, नाव आपल्या माथी



शेजाऱ्याला बैलजोडी उसनी देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. पेरणीच्या घाईत एकाची जोडी दुसऱ्याच्या औताला जुंपली जाई, सावड फिटे, आणि एखाद्या बैलाचा खांदा सुजला तर दोन घरची माणसे ओसरीवर बसून काय ते मिटवीत. आता बैलांच्या जागी मोटारसायकल, जीप, पिकअप आणि ट्रॅक्टर आले. मागणे मात्र तेच राहिले : "दादा, जरा गाडी द्या. सांजच्याला आणून लावतो."

बैलाचे भांडण दोन घरांत मिटे. गाडीचे भांडण रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसापर्यंत जाते, पोलिसांत जाते, मोटार अपघात न्यायाधिकरणात जाते. आणि तेथे आर.सी. बुकावर ज्याचे नाव त्याला पहिली हाक पडते. म्हणून गाडी देण्याघेण्याचा विचार आज करू.

पालघर, डहाणू, वसईकडच्या कुटुंबांना मुंबईचे दार म्हणजे दहिसरचा नाका. चिकू आणि भाजी या वाटेने जाते, दवाखान्याची माणसे जातात, लग्नाचे वऱ्हाडही जाते. समजा, सफाळ्याच्या एका शेतकऱ्याने आपली मोटार बालमित्राला दिली. मित्र आईला घेऊन दहिसरला लेकीकडे निघाला. नाक्याच्या गर्दीत पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला आणि मोटार तिच्यावर आदळली. रिक्षावाला जखमी झाला, मोटारीचा बंपर आणि दिवा फुटला, मित्राचा हात मोडला. आता कोणाचे काय?

प्रथम रिक्षावाला. तो कायद्याच्या भाषेत 'तिसरा पक्ष'. त्याच्यासाठीचा विमा मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. गाडी मालक चालवत होता की मित्र, याने फरक पडत नाही. विमा गाडीचा असतो आणि वैध लायसन असलेला कोणीही मालकाच्या संमतीने ती चालवू शकतो. पॉलिसी चालू असेल तर रिक्षावाल्याची भरपाई कंपनी देते. पॉलिसीची मुदत संपलेली असेल तर तीच रक्कम मालकाच्या घरातून जाते, मग गाडी त्या दिवशी त्याने पाहिलेलीही नसो.

मित्राकडे लायसन नसेल तर? २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात सांगितले, की चालकाकडे लायसन नव्हते एवढ्यावरून कंपनी जखमी माणसाला टाळू शकत नाही. मालकाने हयगय केली, हे तिने सिद्ध केले पाहिजे. ते सिद्ध झाले तरी पुष्कळदा न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरायला लावते आणि मग मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. म्हणजे जखमी माणूस तरला, पण मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत गोष्ट आली. शिवाय बिनलायसनच्या माणसाला गाडी देणे हा मालकाचा वेगळा गुन्हा आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अठरा वर्षांखालील पोराला दिली तर पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. "पोरगं चांगलं चालवतं" हे उत्तर तेथे चालत नाही.

दुसरा फुटका बंपर. येथे पॉलिसी कोणती हे पाहावे लागते. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला एक पैसाही मिळत नाही. सर्वंकष, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर मिळतो, पण पुरा नाही. मोटारीच्या इंजिनाप्रमाणे पहिले १,००० किंवा २,००० रुपये मालकाचे. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर साधारणपणे निम्मी घट धरतात. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत पाच बिनदाव्याच्या वर्षांनी ५० टक्के होतो. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के आहे. तेव्हा चार हजारांच्या बंपरसाठी दावा केला तर पुढच्याच वर्षी चार हजारांची सूट गमावली. असे किरकोळ काम मित्राने गॅरेजला पैसे देऊन करून द्यावे, हेच दोघांच्या हिताचे.

तिसरा मित्राचा मोडलेला हात. येथेच लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. कर्नाटकातले इलकल आपल्या आयाबहिणींना लुगड्यांमुळे ठाऊक आहे. तेथून एक माणूस दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन आपल्या गावी गुडूरला निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे लादलेली बैलगाडी चालली होती, ती अचानक थांबली, गाडी तिच्यावर आदळली आणि त्याचा मृत्यू झाला. त्याच्या पत्नीने विमा कंपनीकडे भरपाई मागितली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, तो तिसरा पक्ष नव्हे. म्हणून चूक कोणाची हे न पाहता भरपाई देणाऱ्या तेव्हाच्या कलमाखाली त्या घराला दावा करता येत नाही. दुसऱ्या कलमाखाली विचार करण्यासाठी प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे गेले. मागून आणलेल्या गाडीवर घरचा कर्ता गेला, की त्याच्या माणसांची वाट अशी बिकट होते.

गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा अपघात विमा असतो, पण तो ज्याच्या नावावर गाडी आहे आणि जो स्वतः लायसनसह ती चालवत आहे त्यालाच लागू. वडिलांच्या नावावरची मोटारसायकल मुलगा चालवत असेल, किंवा लेकीच्या नावावरची स्कूटी बाप चालवत असेल, तर तोही या विम्यात बसत नाही. म्हणजे हा प्रश्न केवळ मित्राचा नाही, आपल्या घरचाही आहे. जादा हप्ता भरून इतर चालकांचा आणि बसणाऱ्यांचा अपघात विमा घेता येतो. पुढचा हप्ता भरताना त्याची चौकशी अवश्य करा.

मोटारीत शेजारी बसलेल्या आईचे काय? पॅकेज पॉलिसीत खाजगी मोटारीतले प्रवासी येतात, नुसत्या थर्ड पार्टीत येत नाहीत. ट्रॅक्टरची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा विमा शेतीच्या कामासाठी असतो. २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भाजी आणि तिचा मालक दोघेही होते. अपघातात माणूस गेला, पण त्याची भरपाई विमा कंपनीवर बसली नाही. वऱ्हाडासाठी ट्रॉली मागायला कोणी आले, तर हे आठवा आणि हात जोडून नाही म्हणा.

खाजगी गाडी देताना फेरीचे भाडे घेऊ नका. मित्राने डिझेल भरून आणले ते शेजारधर्माला धरून आहे, पण फेरीचा दर ठरला की पॉलिसीची अट मोडली. अशा एका प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मागितलेल्या रकमेपैकी काही भागच देवविला. तेही मालक न्यायालयात लढल्यावर.

आता मालक आणि मित्र यांच्यातला हिशेब. तो १८७२ च्या करार कायद्यात आहे. वस्तू फुकट मागून नेणाऱ्याने ती स्वतःची असल्यासारखी जपावी. ठरल्यापेक्षा वेगळ्या कामाला वापरली तर होणारे नुकसान त्याने भरून द्यावे. उलट, ब्रेक सैल आहे हे मालकाला ठाऊक असेल तर ते सांगणे त्याचे कर्तव्य आहे. म्हणून किल्ली देतानाच चार शब्द बोलावेत : "दहिसरपर्यंतच न्यायची, चालवणार तूच, काही झाले तर विम्याबाहेरचा खर्च आणि दंडाची पावती तुझी." असे आधी स्पष्ट बोलले म्हणजे मैत्री तुटत नाही.

अपघात झालाच, तर जखमीला आधी दवाखान्यात न्या. पोलिसांना कळवा. गाडी हलवण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. विमा कंपनीला मालकाने त्याच दिवशी कळवावे. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत मिस्त्रीला पत्रा ठोकू देऊ नये. समोरच्याला "सगळे भरून देतो" असे कंपनीला न विचारता लिहून देऊ नये.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. गावात हमखास सल्ला मिळतो, की "गाडी मालकच चालवत होता असे लिहा, भानगड नको." हे कदापि करू नका. मित्राकडे लायसन असेल तर खरे सांगून दावा मिळतोच. मग खोटे कशाला? आणि लायसन नसेल तर पंचनामा, दवाखान्याचे कागद आणि रस्त्यावरचे कॅमेरे यांतून खरे बाहेर येते. मग दावाही जातो आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हाही अंगावर येतो.

गाडी विकली तरी आर.सी. बुकावरचे नाव उतरवायला विसरू नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नोंदीत ज्याचे नाव तोच मालक; मधल्या खरेदी-विक्रीच्या चिठ्ठ्यांनी जखमी माणसाला फिरवता येणार नाही. एमएच ४७ असो की एमएच ४८, नियम एकच.

आज दिवेलागणीला घरातल्या पेटीतून गाडीची पॉलिसी काढा. मुदत कधी संपते, थर्ड पार्टी आहे की पॅकेज, आणि आपल्याखेरीज चालवणाऱ्याचा अपघात विमा आहे का, या तीन गोष्टी पाहा. वाचायला अडचण वाटली तर शाळेत जाणाऱ्या लेकीला जवळ बसवा; तिलाही त्यातून शिकायला मिळेल. आणि उद्या कोणी किल्ली मागायला आले, तर आधी त्याचे लायसन मागा. त्यात संकोच धरू नका. त्यात तुमच्याइतकेच त्याच्याही घराचे हित आहे.