परसातली शिलकी कौले
गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतील एका सुविद्य गृहस्थांनी, परसातल्या भिंतीशी वर्षानुवर्षे शेवाळ पांघरून उभी असलेली मंगळुरी कौलांची शिलकी रास अडगळ म्हणून एका हातगाडीवाल्याच्या हवाली केली, तेव्हा मला त्यांच्या औदार्यापेक्षा विस्मरणशक्तीचेच अधिक कौतुक वाटले. कारण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भापासून सोलापूर-नाशिकपर्यंत जी गारपीट कोसळली, तिने गहू-हरभरा आणि द्राक्षबागा आडव्या करताना छपरांचीही कसून झडती घेतली होती. समुद्रावरची दमट हवा आणि उत्तरेकडची थंड, कोरडी हवा यांची गाठ पडली की आभाळात जे शिजते, त्याचा पहिला प्रसाद छपरालाच मिळतो. आणि लिंबाएवढी गार ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरते. सिमेंटच्या पत्र्याला ती केसाएवढी चीर पाडून जाते. ही चीर तलाठ्याच्या पंचनाम्यात दिसत नाही, दिसते ती मृगाच्या पहिल्या सरीत, नेमकी अंथरुणावर. जस्ती पत्रा पोचे पडूनही तग धरतो, त्याखाली बसलेल्यांचे कान मात्र धरतीलच असे नाही. माझ्या मते कौलांइतके समंजस छप्पर दुसरे नाही: फुटते ते कौल एकटे फुटते, शेजाऱ्याला ओढत नाही, आणि बदलण्यास एक शिडी पुरते, अट एवढीच, की कौल त्याच साच्याचे हवे. नुकसानभरपाईचा अर्ज दफ्तरांतून फिरायचा तितका फिरो. ज्या घरमालकाच्या परसात दोन-चार डझन जादा कौले नाहीत, त्याने घर शाकारले असे म्हणू नये, आभाळाशी उधारीचा व्यवहार केला असे म्हणावे.