'ओरिजिनल' म्हणजे नक्की काय हो?

जुना लष्करी ट्रक घेतलात की दोन जमाती हमखास भेटतात. पहिली म्हणते, "साहेब, हे पेट्रोल इंजिन द्या भंगारात. एखादं डिझेल बसवून देतो, पोरासारखा पळेल." दुसरी जमात जास्त शिकलेली. ती ट्रकभोवती एक चक्कर मारते, बॉनेट उघडून इंजिन नंबर बघते, मग चॅसी नंबर बघते, आणि कुणी गेल्यासारखा चेहरा करून म्हणते, "छ्या! मॅचिंग नाहीये. ओरिजिनल नाही राहिला." 2021 पासून या दोघांत तिसरा भिडू आलाय, तो म्हणजे सरकार. मंडळी, माझं या तिघांशीही भांडण आहे, आणि आज शनिवार असल्यामुळे भांडायला भरपूर वेळ आहे. :)

ज्यांना या प्रकारातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या सैन्याच्या जुन्या चाकांचं माहेर जबलपूर. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर तिथे 1959 पासून शक्तिमान ट्रक बनायला लागला, तो 1996 पर्यंत बनत होता. निस्सानच्या परवान्यावर दोन गाड्या आल्या, एक वन टन ट्रक आणि दुसरी जोंगा. (जोंगा हे जपानी नाव नव्हे बरं का! 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' याची ती आद्याक्षरं.) या दोघींच्या पोटात एकच इंजिन, जवळजवळ 4 लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल. आम्ही तिघा मित्रांनी मिळून जो उद्योग करून ठेवलाय तो यातला वन टन. लिटरला चार किलोमीटर दिले तर आम्ही पेढे वाटतो.

आता त्या 'मॅचिंग नंबर'वाल्यांकडे वळू. ही कल्पना आली परदेशी स्पोर्ट्स कारच्या लिलावांतून. तिथे ती ठीक आहे. एका माणसाने एक गाडी घेतली, चाळीस वर्षं गॅरेजमध्ये जपली, तेच इंजिन, तीच चॅसी. पण लष्करी ट्रक असा जगतच नाही हो! सैन्यात गाड्या दुरुस्त करायला एक अख्खी कोअर आहे, ई.एम.ई., 1943 सालची. युनिटचं छोटं वर्कशॉप, त्याच्यावर फील्ड वर्कशॉप, आणि सगळ्यात वर बेस वर्कशॉप. आपल्या खडकीला 512 नंबरची आर्मी बेस वर्कशॉप आहे, पुण्यातल्या लोकांनी तिची भिंत तरी पाहिली असेलच. गाडी एवढी वर्षं आणि एवढे किलोमीटर चालली की तिचं ओव्हरहॉल करायचं, हा तिथला शिरस्ता. ट्रक आघाडीवर असताना इंजिन बसलं, तर तेच इंजिन परत येईपर्यंत ट्रक उभा ठेवत नाहीत. दुसरं तयार इंजिन टाकतात आणि ट्रक कामाला लागतो. काढलेलं इंजिन दुरुस्त होऊन तिसऱ्याच ट्रकात जातं. म्हणजे ज्या लष्करी ट्रकाचे नंबर जुळत नाहीत तो बहुधा भरपूर राबलेला ट्रक असतो, आणि सगळं जुळणारा कदाचित कुठल्यातरी डेपोत झाकून ठेवलेला. मग यातला जास्त 'ओरिजिनल' कोण? ज्या वस्तूची घडणच सुटे भाग बदलत राहण्यासाठी झालीये, तिच्या बाबतीत दुरुस्ती म्हणजे भेसळ नव्हे. दुरुस्ती हाच तिचा मूळ स्वभाव आहे.

याचा अर्थ पहिल्या जमातीला रान मोकळं, असा मात्र अजिबात नाही. "डिझेल टाका" म्हणणाऱ्या मिस्त्रीला बघितलं की मला आमच्या कंपनीतला तो आर्किटेक्ट आठवतो, जो कुठलाही जुना कोड उघडायच्या आधीच "रीराइट करू" म्हणतो. वाचायचा कंटाळा, दुसरं काय! आमच्या इंजिनाबद्दल एका मिस्त्रीने लांबूनच निकाल दिला होता, "गेलंय." आम्ही सगळे प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज लावलं. चार सिलिंडर 120 च्या आसपास, दोन 70 ला. मग त्या दोनांत प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजलं. रिंगा गेल्या असतील तर तेलाने फट बुजते आणि आकडा चढतो. आमचा हलला नाही, म्हणजे दोष व्हॉल्व्हमध्ये. हेड उतरवलं, दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेले निघाले. खाली ब्लॉकमध्ये बोअर ठणठणीत. हेडचं काम झालं, विषय संपला. त्या गेजची किंमत हॉटेलात दोघांच्या जेवणाएवढी आहे. ती न खर्चता लोक जिवंत इंजिनं भंगाराच्या काट्यावर चढवतात, याचा संताप नाही येणार तर काय!

बरं, डिझेल 'बसवणे' म्हणजे नुसतं उचलून ठेवणे नसतं. इंजिनचे माउंट जुळत नाहीत म्हणून चॅसीचे क्रॉस मेंबर कापायचे. डिझेल कमी आरपीएमवर दम देतं आणि गिअर रेशो पेट्रोलच्या हिशोबाने, त्यामुळे गाडी एक तर बोंबलते नाहीतर रेंगाळते. पुढच्या अ‍ॅक्सलवर वजन वाढलं की पाटे बसतात. मग पाटे बदला, मग शॉकअप बदला. वर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाणारे बदल चालत नाहीत. मिस्त्री हे काही सांगत नाही. एकदा चॅसी कापली की परतीचा रस्ता बंद, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे. बोल्ट काढून उलटवता येईल असं काहीही करा, माझी ना नाही. आम्ही स्वतः पेट्रोलचे सगळे जुने रबरी पाइप फेकून नवे घातलेत, कारण 2025 पासून पंपावर सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय आणि ते जुनं रबर फुगवतं. टाकीला आतून गंज धरतो तो वेगळाच. ही तडजोड करावीच लागते.

(अवांतर: जबलपूरला बनलेल्या गाडीच्या दारावर दुसऱ्या महायुद्धातला पांढरा तारा रंगवणाऱ्यांना काय म्हणावं? ती दोस्त राष्ट्रांच्या गाड्यांची 1940 च्या दशकातली खूण. जोंगा जन्मली 1960 च्या दशकात. उद्या एसटीवर रोमन गरुड काढा!)

आता येतो मायबाप सरकारकडे. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी, 'व्हीए' मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. फिरवायची फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं असल्या कामांसाठी. ऐकायला झकास. पण बारीक अक्षरं वाचा. चारचाकीत फक्त एम-1 गट, म्हणजे ड्रायव्हर सोडून आठ माणसांपर्यंतची प्रवासी गाडी. ट्रक हा एन गटात. झालं! राजेमहाराजांची मोटार हा वारसा, आणि रसद वाहून नेणारा ट्रक हा नुसता माल. तो ट्रक म्हणून दरवर्षी फिटनेसला उभा राहणार, सिमेंट वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगेत.

ट्रकाला त्या नियमात घेतलं तरी पुढे काटे आहेतच. पन्नास वर्षं मोजायची पहिल्या नोंदणीपासून. लष्करी गाडीची नोंदणी संरक्षण खात्याकडे. नंबरच्या आधी तो वर जाणारा बाण असतो ना, त्याच्या पुढचे दोन आकडे म्हणजे गाडीचं साल. लिलावात विकली गेल्यावर आरटीओत तिचा पुनर्जन्म होतो. मग 1968 ला बनलेली आणि 1988 ला विकलेली गाडी पन्नास वर्षांची कधी होणार, 2018 ला की 2038 ला? एका आरटीओच्या खिडकीवर हा प्रश्न विचारला तर पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "दादा, जेवणाची सुट्टी आहे."

आणि कळस म्हणजे रंग! व्हिंटेजला गाडी 'मूळ स्वरूपात' हवी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम म्हणतो की ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. लष्करी गाडीचा मूळ रंग कोणता असतो हे मी सांगायला नको. म्हणजे मूळ रंग दिला की नियम मोडला, नाही दिला की मूळ स्वरूप मोडलं. आता बोला! सुरक्षेचं कारण मला पटतं. तोतया लष्करी गाडी रस्त्यावर नकोच. पण त्याच्यावर उपाय वेगळी नंबरप्लेट हा आहे, आणि ती प्लेट 'व्हीए'च्या रूपाने सरकारनेच तयार करून ठेवलीये. आमचा ट्रक सध्या राखाडी आहे. मडगार्डावरचा टायर प्रेशरचा जुना स्टेन्सिल तेवढा आम्ही घासला नाही.

'सबस्टॅन्शियल ओव्हरहॉल' झालेला नको, हीही अट आहेच. बेस वर्कशॉपमधून निघालेल्या गाडीला ही अट कशी लावणार? ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना 2018 पासून वार्षिक तपासणीत सूट मिळते, तिथेही 'मोठा बदल नको' म्हणतातच. पण त्यांनी मोठा म्हणजे काय ते लिहून ठेवलंय. मूळ प्रकारचा सुटा भाग मिळत नाही म्हणून केलेला बदल मोठा नाही. गाडी वापरात होती त्या काळात प्रचलित असलेला बदल मोठा नाही. एवढ्या दोन वाक्यांनी आपल्याकडचे निम्मे वाद मिटतील. त्यात ट्रकचा एन गट घाला, वय बनल्याच्या सालापासून मोजा, आणि बदलांची नोंदवही सक्तीची करा. सैन्यात प्रत्येक गाडीला लॉगबुक असायचंच. आम्हीही ठेवलंय, तारखेसकट, काढलेल्या प्रत्येक भागाच्या फोटोसकट. (सवयीने त्याला 'कमिट लॉग' म्हणतो, सोडून द्या.)

ता.क. : कुणी असला ट्रक घेतलाच, तर चाकं आधी बघा. लॉकिंग रिंगची रिम असेल आणि रिंग गंजलेली असेल, तर हवा भरताना ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते, माणसं गेली आहेत. पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरा, लांब नळी लावून बाजूला उभे राहा. "काय नाय होत साहेब" म्हणणाऱ्या पंक्चरवाल्याकडून तर मुळीच नको.