सिनेमात जायचंय? आधी मंडळाचा हिशेब लिहायला शिका

सिनेमा संपतो, पडद्यावर नावं वर सरकायला लागतात आणि आपण चपला शोधत उठतो. पुढच्या वेळी जरा थांबा आणि ती नावं वाचा. नट-नट्या पहिल्या काही ओळींत संपतात. त्यानंतर येतात लाइन प्रोड्यूसर, प्रॉडक्शन मॅनेजर, लोकेशन मॅनेजर, जनरेटरवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, जेवण देणारे, स्पॉटबॉय. पडद्यावर दोन तास जे दिसलं, ते याच लोकांनी शक्य केलेलं असतं.

आता वर्गात विचारून बघा, 'सिनेमात कोणाला जायचंय?' हात भरपूर वर होतील. कोणाला हिरो व्हायचं असेल, कोणाला दिग्दर्शक. 'मी प्रॉडक्शन बघणार' म्हणणारा क्वचितच भेटेल. आणि इव्हेंट मॅनेजमेंट म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर येतं लग्न, वाढदिवस, फार तर ट्रेलर लाँच. माझं म्हणणं असं, की गोंदिया जिल्ह्यातल्या पोरापोरींसाठी सिनेमाचं सगळ्यात जवळचं दार हेच आहे. त्या दारातून जाण्याची अर्धी तयारी आपल्याकडे आधीपासून आहे. उरलेली अर्धी मात्र आपण टाळतो.

शूटिंग म्हणजे रोजचा नवा कार्यक्रम

समजा, तिरोड्याजवळच्या एका गावात लग्नाचा सीन करायचाय. पटकथेत एकच ओळ आहे: 'गावात लग्न चालू आहे.' या एका ओळीसाठी मंडप लागतो, दीडशे वऱ्हाडी लागतात, त्यांचे कपडे, त्यांचं जेवण, बायकांसाठी कपडे बदलायची जागा आणि संडास लागतो. बिछायत केंद्रातून खुर्च्या येतात. बँडवाले फक्त दिसायला हवे असतात, वाजवायला नकोत. ग्रामपंचायतीचं पत्र, पोलिसांची परवानगी, ड्रोन उडवायचा तर त्याची वेगळी परवानगी. बैलगाडी दाखवायची असेल, तर प्राण्यांचा वापर करायला भारतीय प्राणी कल्याण मंडळाची मंजुरीही लागते. यातलं एक जरी हुकलं, तरी दिग्दर्शक कितीही मोठा असो, तो खुर्चीत बसून राहतो आणि मीटर चालू राहतं.

हे काही आजचं नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई त्या सिनेमात पडद्यावर कुठे नव्हत्या. पण सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, कपड्यांची धुलाई, उन्हात पांढरी चादर धरून उजेड वळवणं, फिल्मची कामं हे सगळं त्या करत होत्या. आजच्या भाषेत आपण त्यांना प्रॉडक्शन मॅनेजर म्हटलं असतं. त्याच सिनेमाच्या वेळी वांगणीला बाहेरच्या शूटिंगला गेलेली मंडळी हातातल्या तलवारींमुळे दरोडेखोर समजली गेली आणि त्यांना अडवलं गेलं, असा किस्सा सांगतात. गावाला आधी कल्पना देणं किती गरजेचं असतं, हे आपल्या सिनेमाने पहिल्याच पाऊलात शिकून घेतलं होतं!

मुंबईच्या माणसाला जे माहीत नाही

बाहेरून येणाऱ्या युनिटकडे कॅमेरा असतो, पैसा असतो. आपला इलाखा मात्र त्यांना माहीत नसतो. साधं सूर्याचं घ्या. गोंदिया मुंबईच्या सात अंशांहून जास्त पूर्वेला आहे, म्हणून इथे सूर्य जवळपास अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात मुंबईच्या अंदाजाने संध्याकाळचा सीन लावला, तर कॅमेरा लागेपर्यंत अंधार. धानाचंही तसंच. ऑगस्टमध्ये येऊन हिरव्यागार बांध्या बघून गेलेला माणूस दिवाळीनंतर शूटिंगला आला, तर त्याला कापणी झालेलं शेत मिळणार. आणि कापणीच्या दिवसांत गर्दीच्या सीनला माणसं मागितली, तर गाव म्हणणार, 'आधी धान घरात येऊ द्या भाऊ.'

जंगलाचे नियम आणखी वेगळे. नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे जनरेटर, आवाज, रात्रीचे दिवे हे सगळं वन विभागाच्या अटींनुसारच. कचारगडची गुहा कॅमेऱ्यात सुंदर दिसेल, पण माघ पौर्णिमेला लाखो गोंड बांधव जिथे येतात, ते श्रद्धास्थान आहे. तिथे कोणाला विचारायचं, कुठे चपला काढायच्या, कोणता सीन तिथे करूच नये, हे सांगणारा माणूस सालेकसा तालुक्यातलाच असायला हवा. चांगला लोकेशन मॅनेजर 'नाही' म्हणायलाही शिकतो.

आणि सिनेमा आपल्यापासून फार लांब नाही. अमित मसुरकर यांचा 'न्यूटन' (२०१७) शेजारच्या छत्तीसगडात दल्ली राजहरा भागात चित्रित झाला. त्यांच्याच 'शेरनी'चं (२०२१) शूटिंग मध्य प्रदेशात बालाघाटच्या जंगलात झालं. नागराज मंजुळेंचा 'झुंड' नागपूरचा. म्हणजे आपल्या तिन्ही बाजूंना कॅमेरे येऊन गेलेत.

झाडीपट्टी ही आपली शाळा

अर्धी तयारी झालेली आहे म्हणालो, ती कुठे? अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडची पोरं लगेच सांगतील. दिवाळी-भाऊबीज झाली, की मंडई सुरू आणि मंडईच्या रात्री नाटक. गोंदिया-बल्लारशा लाइनवरचं वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचं मोठं केंद्र. गावचं मंडळ कंपनी ठरवतं, तारीख ठरते, तिकिटं खपतात. कंपनीची गाडी येते, मोकळ्या जागेत स्टेज, पडदे, लाइट, साउंड उभा राहतो. रात्रभर नाटक चालतं आणि पहाटे सगळं गुंडाळून मंडळी दुसऱ्या गावाला निघतात. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा देशाने तिची दखल घेतली. नटांची दखल घेतली हे छानच झालं. पण एका रात्रीत रंगमंच उभा करून मोडणाऱ्या हातांचं काय? सिनेमाच्या भाषेत तेच तर प्रॉडक्शन युनिट आहे.

अर्थात, कार्यक्रम आणि सिनेमा यांत फरक आहे. कार्यक्रम एकदाच होतो. चुकला तरी लोक टाळ्या वाजवून घरी जातात. शूटिंग तीस-चाळीस दिवस चालतं आणि पहिल्या दिवशीचा मंडप विसाव्या दिवशी तसाच्या तसा पुन्हा लावावा लागतो. झालर बदलली तरी पडद्यावर कळतं. कार्यक्रमात आवाज वाढवायचा असतो, सेटवर अख्ख्या गावाला दोन मिनिटं गप्प बसवायचं असतं. म्हणून जुगाडावर भागत नाही. उद्या कोण, कुठे, किती वाजता, काय घेऊन येणार, हे आदल्या रात्री कॉलशीटवर लिहिलेलं लागतं.

जे आपण टाळतो: कागद

आपलं घोडं अडतं ते इथे. आपल्याकडे सगळं तोंडी. 'बघून घेऊ भाऊ', 'घरचंच काम आहे', 'नाव होईल तुझं'. बाहेरचं युनिट येतं, गावातली पोरं दोन दिवस गर्दीत उभी राहतात, हाती येतो जेवणाचा डबा आणि एक सेल्फी. मधल्या 'कोऑर्डिनेटर'ने किती घेतले, कोणाला ठाऊक नसतं. कॉलेजातही तेच. गॅदरिंगसाठी रात्ररात्र जागणारी पोरं वेगळी आणि स्टेजवर सत्कार घेणारी वेगळी. फुकट राबायची सवय आपल्याला तिथेच लागते.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. एक, कुठलंही काम घेताना किती दिवस, किती पैसे आणि ते कधी मिळणार, हे लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी. दोन, सुरक्षिततेचं आधी विचारा. विजेच्या वायरी, उंचावरची लायटिंग, रात्रीचा प्रवास यांत अपघात होतो, तेव्हा 'नाव होईल' म्हणणारा फोन उचलत नाही. विमा आहे का, जवळचा दवाखाना कोणता, रात्री मुलींना घरी कोण सोडणार, हे विचारायला लाज कसली? तीन, शेवटच्या नावांत तुमचं नाव मागा. पुढचं काम तेच नाव मिळवून देतं.

कॉलेजांनीही थोडं हललं पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. ते ऑफिसात शिक्के मारूनच का पूर्ण करायचं? हंगामात एखाद्या झाडीपट्टी कंपनीबरोबर राहून, तिकिटांचा, डिझेलचा, मानधनाचा हिशेब ठेवून त्याचा अहवाल लिहिला, तर कॉमर्सच्या विद्यार्थ्याला त्याहून चांगलं प्रॅक्टिकल कोणतं?

काही जण म्हणतील, 'गोंदियात वर्षाला किती सिनेमे येणार? यावर पोट कसं भरायचं?' शंका रास्त आहे. फक्त सिनेमावर नाहीच भरणार. पण हेच कौशल्य लग्नाला चालतं, नाटकाला चालतं, माहितीपटाला, जाहिरातीला, वेब सिरीजला, सरकारी महोत्सवालाही चालतं. सिनेमा हे त्यातलं सगळ्यात कडक गिऱ्हाईक. त्याला पुरे पडलात, तर बाकीचे सोपे.

'मग काय आम्ही सतरंज्याच उचलायच्या?' असंही कोणी विचारेल. उचला की! पण किती आल्या, किती परत गेल्या आणि भाडं किती झालं, हे वहीत लिहा. नुसत्या उचलणाऱ्याला संध्याकाळी मजुरी मिळते. वही ठेवणाऱ्याला पुढच्या कामाचं बजेट विचारतात.

यंदा तुमच्या गावच्या मंडईला नाटक येईल, तेव्हा तिकीट काढून बघाच. पण दुपारीच जा, गाडी रिकामी होते तेव्हा. कोण काय करतंय ते बघा, कंपनीच्या मॅनेजरला दोन प्रश्न विचारा आणि मंडळाच्या अध्यक्षांना म्हणा, 'काका, यंदाचा हिशेब मी लिहू का?'