वाघ, सिंह आणि बॅकअप

तर झालं असं की, गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. भाचा आठ वर्षांचा. जेवण झाल्या झाल्या त्याने प्लास्टिकच्या प्राण्यांची पिशवी माझ्यापुढे पालथी केली, त्यातले वाघ आणि सिंह समोरासमोर उभे केले आणि विचारलं, "मामा, ह्यांच्यात भारी कोण?"

पुरणपोळी खाऊन सुस्तावलेला माणूस जे उत्तर देतो तेच मी दिलं. "अरे, सिंह. जंगलाचा राजा ना तो?"

"पण टीव्हीवर तर तो गवतात बसलेला असतो. जंगलात कुठे असतो?"

आता बोला! दहा-बारा वर्षं लोकांच्या कोडमधल्या चुका काढून पगार घेतोय, आणि माझ्याच वाक्यातला बग ह्या पोराने दोन सेकंदांत पकडला.

घरी येताना तेच डोक्यात होतं. आपण मराठी माणसं ह्या दोघांची नावं येता-जाता वापरतो. शूर माणूस 'ढाण्या वाघ', किल्ला सिंहगड, टिळकांचं वर्तमानपत्र 'केसरी'. माझे निम्मे मित्र वाघोलीत फ्लॅट घेऊन राहतात, तिथे वाघेश्वराचं देऊळ आहे. कॅलेंडरवरची देवी कधी वाघावर बसते, कधी सिंहावर, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. खेड्यात तर बिबट्यालाही सरळ 'वाघ' म्हणतात. म्हणजे शब्द भरपूर, पण फरक विचारला की आपलं गाडं आयाळ आणि पट्ट्यांच्या पुढे जात नाही.

खरं सांगायचं तर कातड्याच्या आत फरक फार थोडा आहे. नुसता सांगाडा समोर ठेवला तर वाघाचा की सिंहाचा, हे सांगायला तज्ज्ञच लागेल. दोघं एकाच 'पँथेरा' कुळातले. पण गंमत अशी की नात्याने सिंह बिबट्याच्या जास्त जवळ आहे, आणि वाघाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक आहे हिमबिबट्या. वजनात म्हणाल तर आपला वाघ गीरच्या सिंहापेक्षा साधारणपणे जड भरतो.

खरा फरक आहे राहणीत, आणि ती ठरते जागेवरून. वाघ झाडीतला. पट्टे त्याला उन्हा-सावलीत विरघळवून टाकतात. आपल्याला तो भडक केशरी दिसतो, पण चितळ-सांबरांच्या डोळ्यांना तांबडा आणि हिरवा वेगळा कळत नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी तो हिरवाच! अगदी जवळ जाईपर्यंत लपायचं आणि मग एकदम झडप घालायची, हे त्याचं तंत्र. ह्या कामात दुसरा सोबती म्हणजे नुसती अडचण. म्हणून वाघ एकटा. आई आणि पिल्लं दोनेक वर्षं बरोबर, मग ज्याचा त्याचा इलाका.

सिंह उघड्यावरचा. गवताळ माळ, काटेरी झुडपं, विरळ झाडी. तिथे लपायला जागा कमी आणि सगळं सगळ्यांना दिसतं. मारलेली शिकारही दुरून दिसते, त्यामुळे ती राखायला माणसं, म्हणजे सिंह, लागतात. म्हणून कळप. आयाळसुद्धा त्याच हिशोबातली. दुरूनच प्रतिस्पर्ध्याला कळावं की इथे कोण बसलाय. वाघाला अशी जाहिरात परवडत नाही. गीरमध्ये भक्ष्य आफ्रिकेतल्यासारखं मोठ्या झुंडींचं नाही, त्यामुळे तिथले कळपही लहान. माद्या आणि पिल्लं एकत्र, नर दोघं-तिघं मिळून वेगळे. नर-माद्या एकत्र येतात ते मुख्यतः मोठ्या शिकारीवर, नाहीतर जोडी जमायच्या वेळी.

हा फरक मी स्वतः अनुभवलाय. ताडोब्यात तीन फेऱ्यांमध्ये मिळून मला वाघ दिसला तो अर्धा. वानर ओरडलं, चितळाने इशारा दिला, गाईडने श्वास रोखला, आणि बांबूतून एक पाठ आणि शेपटी सरकत गेली. संपलं! त्या अर्ध्या वाघावर मी आठवडाभर ऑफिसात भाव खाल्ला. उलट गीरला सासणहून निघालो आणि अर्ध्या तासात रस्त्याच्या कडेला दोन सिंहिणी पसरलेल्या. वनखात्याचा ट्रॅकर हातात नुसती काठी घेऊन त्यांच्यापासून थोड्या अंतरावर उभा. पुढे मालधाऱ्यांचा नेस दिसला. काटेरी कुंपण, आत म्हशी. बाहेर सिंह आणि आत दुभती जनावरं, पिढ्यान् पिढ्या.

इथवर सगळं छान. आता मला जे म्हणायचंय ते.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रोजेक्टमध्ये सर्व्हर बसला. आम्ही निश्चिंत, कारण रोज रात्री बॅकअप होत होता. सकाळी कळलं की बॅकअप त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर जात होता. डिस्क गेली, डेटा गेला, बॅकअपही गेला. क्लायंटसमोर काय बोललो ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून कुठलीही गोष्ट 'सुरक्षित आहे' असं कोणी म्हणालं की मी एकच विचारतो, दुसरी कॉपी कुठे आहे?

वाघाच्या बाबतीत ह्याला उत्तर आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प नऊ जागी सुरू झाला, त्यात आपलं मेळघाट होतं. आज पन्नासहून जास्त व्याघ्र प्रकल्प आहेत, त्यातले सहा महाराष्ट्रात. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३६८२ वाघ निघाले. ते वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या हवामानात विखुरलेत. ह्याचा उपयोग काय? २००५ साली उघड झालं की राजस्थानातल्या सारिस्कामध्ये एकही वाघ उरलेला नाही, सगळे शिकाऱ्यांनी संपवले. २००९ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाची तीच गत. लाजिरवाणी गोष्ट. पण सारिस्कासाठी २००८ मध्ये रणथंभोरहून वाघ आणला, तोही हेलिकॉप्टरने. पन्नासाठी कान्हा-बांधवगडच्या वाघिणी आणल्या. पन्नात आज पन्नासच्या वर वाघ आहेत. डिस्क गेली, पण दुसरीकडे कॉपी होती.

आणि सिंह? संपूर्ण आशियातले जंगली सिंह आज एकट्या सौराष्ट्रात आहेत. एके काळी ते इराणपासून पार बिहारच्या बाजूपर्यंत होते. बंदुका आल्या, आणि उघड्यावर राहणारा, लपायची सवय नसलेला हा प्राणी आधी संपला. झाडीतला वाघ त्यातल्या त्यात तगला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गीरमध्ये मोजकेच सिंह उरले होते. जुनागढच्या नवाबांनी शिकार रोखली म्हणून वाचले. तिथून २०२५ च्या गणनेत ते ८९१ वर पोचले. ही साधी गोष्ट नाही. गुजरातच्या वनखात्याला आणि त्याहून जास्त तिथल्या गावकऱ्यांना ह्याचं श्रेय दिलंच पाहिजे. निम्म्याहून जास्त सिंह आज अभयारण्याच्या बाहेर, शेतं-गावांच्या आसपास राहतात आणि लोक त्यांना सोसतात.

पण आकडा वाढला म्हणून धोका कमी होतो असं नाही. ८९१ कॉप्या एकाच डिस्कवर असल्या तरी डिस्क एकच. शिवाय सगळे त्या मोजक्या पूर्वजांचे वंशज, म्हणजे रक्तातही विविधता कमी. आणि इथे ती कळपाची सवय आडवी येते. एका मढ्यावर पाच-सहा सिंह जेवतात, एकमेकांना चाटतात. एकाला रोग झाला की सगळ्यांना होणार. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत कॅनाइन डिस्टेंपर ह्या कुत्र्यांच्या रोगाने साधारण एक तृतीयांश सिंह नेले. सप्टेंबर २०१८ मध्ये गीरच्या पूर्व भागात तीन आठवड्यांत २३ सिंह मेले आणि त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. घाईने अमेरिकेहून लस मागवावी लागली. तेव्हा निभावलं. दर वेळी निभावेलच असं नाही. डिस्टेंपर वाघालाही होतो, पण एकटं राहणाऱ्या जनावरात तो इतक्या झपाट्याने पसरत नाही.

उपाय कोणाला माहीत नाही असं थोडंच आहे? मध्य प्रदेशातलं कुनो त्यासाठीच तयार केलं होतं. तिथली २४ गावं हलवली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१३ रोजी सांगितलं की जंगली प्राणी कुठल्या राज्याच्या मालकीचे नसतात, सहा महिन्यांत सिंह हलवा. एकही सिंह हलला नाही. २०२२ मध्ये कुनोत नामिबियाचे चित्ते आले. सात-आठ हजार किलोमीटरवरून विमानाने चित्ते येऊ शकतात, शेजारच्या राज्यातून सिंह नाही!

दुसरी बाजूही ऐकून घेऊ. सिंह गुजरातची अस्मिता आहे, हे मला समजतं. उद्या कोणी रायगड हलवू म्हणालं तर आपण काय करू? सौराष्ट्रातल्या माणसांची सोशीकता ट्रकमध्ये भरून नेता येत नाही, हाही मुद्दा खरा आहे. सिंह नवीन जागी गेला आणि पहिल्याच महिन्यात कोणी विष घातलं तर? आणि आता चित्ते असलेल्या कुनोत सिंह सोडणं सोपं राहिलेलं नाही, कारण सिंह चित्त्याला टिकू देत नाही. गुजरातने पोरबंदरजवळ बरडा अभयारण्यात दुसरं घर उभं केलंय. २०२३ मध्ये एक नर आपणहून तिथे पोचला, २०२५ मध्ये तिथे १७ सिंह मोजले. चांगलंच आहे. पण बरडा गीरपासून साधारण शंभर किलोमीटरवर. तीच कुत्री, तीच गुरं, तीच साथ. त्याच रॅकमधली दुसरी डिस्क म्हणा हवं तर. कुनोच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण सौराष्ट्राच्या बाहेर, दूर, कुठेतरी एक घर पाहिजे. आणि ते साथ येण्याआधी पाहिजे.

वाघाचं सगळं आलबेल आहे असं समजून आपणही मिशांवर ताव द्यायला नको. एकट्या प्राण्याला स्वतःची जागा लागते. चंद्रपुरात वाघ वाढले, जागा तेवढीच. तरुण वाघ बाहेर पडतात आणि शेतात माणसाच्या समोर येतात. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक कॉलर लावलेला तरुण वाघ जागा शोधत साधारण १३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगेला पोचला. ह्या वाटेवर आपले हायवे, कालवे आणि कुंपणं आहेत. २०२३ मध्ये ताडोब्याच्या भागातल्या दोन वाघिणी नागझिऱ्याला नेल्या, म्हणजे आपल्याकडे हलवणं जमतं. पण प्रत्येक वाघाला गाडीने सोडत बसणार का? त्याच्या वाटा मोकळ्या ठेवणं हे त्याहून स्वस्त आहे.

म्हणजे दोन मांजरं, आणि दोघांची गरज वेगळी. सिंहाला दुसरं घर, वाघाला मोकळी वाट. दोघांसाठी एकच 'वन्यजीव बचाव' पोस्टर छापून काम होत नाही.

असो. ह्या रविवारी भाच्याला एवढं सगळं सोपं करून सांगितलं. गवत, झाडी, कळप, गीर, रोग, सगळं. अर्धा तास! त्याने शांतपणे ऐकून घेतलं, सिंह उचलून सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला आणि म्हणाला, "हे झालं त्याचं दुसरं घर. आता सांग, भारी कोण?"