सुपरमॅन आधी उडाला होता

रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये प्राइम व्हिडिओच्या मार्गाने घरच्या पडद्यावर आला. चित्रपटगृहातले प्रदर्शन खरे आणि घरचे प्रदर्शन म्हणजे उरलेसुरले, अशी आपल्या समीक्षेची एक जुनी सवय आहे. या चित्रपटाच्या बाबतीत ती सवय बाजूला ठेवावी लागते. कारण ज्या मालेगावच्या सिनेमाविषयी हा चित्रपट बोलतो, तो सिनेमा मुळात मोठ्या पडद्याचे अपत्य नव्हताच. तो व्हिडिओ पार्लरमध्ये जन्मला आणि कॅसेट व सीडीच्या रूपाने वाढला. तेव्हा घरच्या पडद्यावर त्याची कथा पाहणे म्हणजे एका अर्थी ती तिच्या मूळ जागी पाहणे होय.

ही जागा नाशिककरांना परकी नाही. नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेले की मालेगाव लागते. हे यंत्रमागांचे शहर आहे. उत्तरेतून स्थलांतर करून आलेल्या विणकरांनी ते घडवले आणि तिथल्या मोठ्या वस्तीची बोलण्याची भाषा उर्दू आहे. शुक्रवारी माग बंद असतात आणि त्या एका सुटीच्या दिवशी कामगारांची गर्दी सिनेमाकडे वळते. नासिर शेख हे अशाच एका व्हिडिओ पार्लरचे चालक. त्यांनी मित्रांना जमवून २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. सायकलीची ट्रॉली झाली, बैलगाडीची क्रेन झाली आणि मागावरचे कामगार नट झाले. पुढे याच मंडळींनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. फैजा अहमद खान यांनी त्या निर्मितीवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो २००८ साली पूर्ण झाला आणि २०१२ साली भारतातल्या चित्रपटगृहांत लागला.

म्हणजे आज आपल्यासमोर एकाच घटनेच्या तीन संहिता आहेत. पहिली, मालेगावकरांनी स्वतः केलेला सुपरमॅनपट. दुसरी, तो घडत असताना टिपलेला माहितीपट. तिसरी, या सर्वांवर बेतलेला, वरुण ग्रोवर यांनी लिहिलेला कथापट. साहित्याच्या अभ्यासकाला तीन संहिता दिसल्या की त्याने जे करायचे ते उघड आहे. त्याने पाठभेद पाहायचे. चित्रपटगृहात हे शक्य नव्हते. तिथे चित्र पुढे सरकते आणि आपण त्याच्यामागे फरपटत जातो. घरच्या प्रतीत मात्र थांबता येते, मागे जाता येते आणि दोन संहिता शेजारीशेजारी ठेवता येतात. ग्रंथाला जे पान उलटण्याचे स्वातंत्र्य आहे, ते चित्रपटाला घरच्या प्रतीने दिले.

खुद्द अमेरिकन सुपरमॅनच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. रिचर्ड डॉनर यांनी १९७८चा ‘सुपरमॅन’ केला आणि त्याच्या दुसऱ्या भागाचा बराच अंश त्याच वेळी चित्रित केला. पुढे निर्मात्यांशी बिनसल्यामुळे दुसरा भाग रिचर्ड लेस्टर यांच्या हाती गेला आणि १९८० साली त्यांच्या नावाने आला. मार्लन ब्रँडो यांचे प्रसंग त्यातून गळाले. डॉनर यांची आवृत्ती पाहायला मिळाली ती थेट २००६ साली, आणि तीही डीव्हीडीवर. सव्वीस वर्षांनी एक दडलेला पाठ घरच्या तबकडीवर उजेडात आला आणि कोणता प्रसंग कुणाचा, कोणत्या बदलाने काय बदलले, याची चर्चा करता येऊ लागली. आपल्याकडे एखाद्या पोथीची जुनी प्रत सापडली की जे होते, तेच हे.

आता मालेगावच्या दोन संहिता शेजारी ठेवू. माहितीपटातला सुपरमॅन म्हणजे शफीक शेख. हा यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा बारीक तरुण. पोशाख शिवून घेतलेला, चड्डीची नाडी बाहेर लोंबणारी. हिरव्या पडद्यासमोर त्याला उडवण्याचे नाना प्रयत्न चालतात, कॅमेरा पाण्यात पडतो, मधेच शफीकचे लग्न होते आणि चित्रीकरण पुन्हा सुरू होते. या सुपरमॅनचा शत्रू परग्रहावरचा नाही. तो तंबाखूच्या रूपाने गावात शिरलेला आहे. माहितीपटात थकवा दिसतो, पैशांची चणचण दिसते, पण सर्वांवर पसरलेला भाव आहे तो खट्याळ उत्साहाचा. पुढे २०११ साली शफीकचे तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले. ही वेदनादायक गोष्ट माहितीपटाच्या चौकटीबाहेरची आहे, कारण ती तोवर घडलेलीच नव्हती.

कथापटाने हा क्रम उलटा केला आहे. त्यात काही वर्षांत मित्रांची फाटाफूट होते, शफीकला कर्करोग झाल्याचे कळते आणि त्याची नायक होण्याची इच्छा पुरी करण्यासाठी दुरावलेले मित्र एकत्र येऊन सुपरमॅन करतात. आजार हे कारण आणि चित्रपट हा परिणाम. प्रत्यक्षात माहितीपट २००८चा, म्हणजे सुपरमॅनचे चित्रीकरण त्याच्याही आधीचे, आणि मृत्यू २०११चा. सुपरमॅन आधी उडाला होता. आजार नंतर आला.

यावर कुणी म्हणेल की कथापट म्हणजे इतिहास नव्हे आणि कलावंताला घटनांची फेरमांडणी करण्याचा हक्क आहे. हा हक्क निर्विवाद आहे. ऐतिहासिक कादंबऱ्या शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना तर तो नाकारताच येणार नाही. माझी तक्रार अचूकतेची नाही, अर्थाची आहे. कथानकात ‘नंतर’चे ‘म्हणून’ झाले की कृतीचा हेतू बदलतो. मरणासन्न मित्रासाठी केलेला चित्रपट हे सांत्वन असते. धडधाकट मित्राला लाल चड्डी नेसवून केलेला चित्रपट हा उद्धटपणा असतो, आणि तो उद्धटपणा हेच मालेगावच्या सिनेमाचे खरे वाङ्मयीन मूल्य आहे. कथापटाने विडंबनाचे शोकगीत केले. शोकगीत उत्तम साधले आहे, शशांक अरोरा यांचा शफीक डोळ्यांत पाणी आणतो, हे मान्य. पण डोळ्यांत पाणी आले की समोरचा माणूस आपल्याला हसत होता, हे दिसेनासे होते.

विडंबनाचे मोल मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी. ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या केशवकुमारांनी समकालीन कवितेच्या रूढ झालेल्या लकबींची जी खिल्ली उडवली, तिला कुणी ‘भाबडा प्रयत्न’ म्हटले नाही. विडंबनकाराला मूळ शैली पुरती अवगत असावी लागते, हे आपण वर्गात सांगतो. मग हाच न्याय मालेगावला का नाही? नासिर शेख व त्यांच्या मित्रांच्या चित्रपटांविषयी लिहिताना ‘जुगाड’, ‘निरागस’, ‘सिनेवेडे’ असे शब्द सहज येतात. साधनांच्या टंचाईचे कौतुक होते, पण विनोदातील बुद्धीचे होत नाही. महासत्तेचे प्रतीक असलेला बलदंड पुरुष एका हडकुळ्या कामगाराच्या देहात बसवणे आणि त्याला विश्वाऐवजी तंबाखूशी झुंजायला लावणे, ही निव्वळ नक्कल नाही. विडंबनाचे लक्ष्य एकाच वेळी हॉलिवूडही आहे आणि मालेगावही. माहितीपट ही दुहेरी धार जपतो. कथापटात ती बोथट होते.

शीर्षकांतही हा प्रवास दिसतो. माहितीपटातले ‘सुपरमेन’ कथापटात ‘सुपरबॉइज’ झाले. कुटुंब पोसणारे, मागावर पाळ्या करणारे पुरुष ‘पोरे’ झाले. पोरांवर माया करता येते आणि त्यांचे अपराध पोटात घालता येतात. परंतु त्यांचे म्हणणे गंभीरपणे घेण्याची सक्ती राहत नाही. २००६ आणि २००८ अशा दोन बॉम्बस्फोटांनी ज्या शहराचे नाव देशभर घेतले गेले, त्या शहराविषयी प्रेक्षकाच्या मनात माया उत्पन्न करणे हे लहान काम नव्हे, आणि कथापटाने ते केले आहे. फक्त मायेच्या मोबदल्यात धार गेली, एवढेच नोंदवायचे आहे.

न्याय म्हणून कथापटाच्या सर्वांत सरस भागाचाही उल्लेख करायला हवा. तो आहे लेखक फरोगचा. विनीत कुमार सिंह यांनी साकारलेला हा लेखक विडंबनावर समाधानी नाही. त्याला स्वतःची मूळ कथा सांगायची आहे आणि लेखक म्हणून आपले नाव हवे आहे. नासिरशी त्याचे होणारे भांडण हे दोन अहंकारांचे भांडण नाही. निर्मितीचे श्रेय कुणाचे, हा त्यातला प्रश्न आहे. योगायोग असा की सुपरमॅनच्या जन्मकथेतही हाच प्रश्न आहे. क्लीव्हलँडमधील जेरी सीगल आणि जो शुस्टर या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतल्या तरुणांनी निर्मिलेला हा नायक जून १९३८च्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. त्याचे हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलरना विकले होते. पुढे त्यांचे नाव त्यांच्याच निर्मितीवरून गेले आणि दीर्घ झगड्यानंतर १९७५ साली, वार्षिक मानधनासह, ते परत मिळाले. जगातील सर्वांत सामर्थ्यवान नायकाचे निर्माते इतके दुर्बळ होते. मालेगावच्या लेखकाचे दुखणे या परंपरेत ठेवून पाहिले की ते ‘छोट्या गावातली कुरबुर’ राहत नाही.

आता अखेरचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. तीन संहितांपैकी दोहोंची चर्चा झाली. पहिलीची, म्हणजे ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटाची, चर्चा कोण करते? बहुतेकांना तो ‘ज्याच्यावर माहितीपट झाला तो चित्रपट’ म्हणून ठाऊक आहे. घडवण्याची कथा घडलेल्या वस्तूपेक्षा मोठी झाली. कविता न वाचता कवीचे चरित्र वाचावे, तसे हे आहे.

मालेगावहून त्याच रस्त्याने आणखी पन्नासेक किलोमीटर पुढे गेले की धुळे येते. तिथे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंदिर उभे आहे. बखर कितीही रसाळ असली तरी अस्सल कागद हाती घेतल्याशिवाय बोलू नये, हा राजवाड्यांचा आग्रह. त्यासाठी ते गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरले. ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ ही रसाळ बखर आहे. माहितीपट हा विश्वसनीय साक्षीदार आहे. पण अस्सल कागद म्हणजे मालेगावकरांनी स्वतः काढलेल्या तबकड्या आणि कॅसेटी. चुंबकीय फीत सुकते, सीडीवर ओरखडे उठतात, व्हिडिओ पार्लरे बंद होतात. डॉनर यांचा पाठ सव्वीस वर्षे टिकला, कारण एका बलाढ्य स्टुडिओच्या कोठारात तो सुरक्षित होता. मालेगावच्या पाठाला तसे कोठार नाही.

हे कोठार होण्याचे काम जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना जमण्यासारखे आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासासाठी आपण विद्यार्थ्यांना ओव्या आणि कहाण्या गोळा करायला पाठवतो. त्याच शिस्तीने, मालकांची संमती आणि निर्मात्यांची नावे नोंदवून, या चित्रपटांच्या प्रती, त्यांची हस्तलिखित संवादपत्रे आणि त्यात काम केलेल्यांच्या आठवणी गोळा करता येतील. उर्दू विभागाची मदत घ्यावी लागेल, आणि ती घेणे हाही एक लाभच ठरेल. तोवर निदान एवढे करावे : वर्गात कथापट दाखवायचा असेल तर त्याआधी माहितीपट दाखवावा. विद्यार्थ्यांनी शफीकला आधी हसताना पाहावे, उडताना पाहावे. त्याच्यासाठी रडण्याची वेळ त्यानंतरची आहे.