भिंतीवरची 'ताकद' आणि घरातली माणसे

लोकलने जाताना रुळांकडेच्या भिंती वाचायची मला जुनी सवय. मास्तर माणूस, अक्षर दिसले की वाचणार (आणि शुद्धलेखन तपासणार!). गेली चाळीस वर्षे त्या भिंतींवर एकच धडा आहे: कमजोरी, गुप्तरोग, निराश होऊ नका, अमुक स्टेशनजवळ भेटा. लैंगिक क्षमता वाढवून देतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, पण ते भिंतींना कोणी कळवलेले दिसत नाही.

हा विषय माझ्या वयाला शोभत नाही असे कोणाला वाटेल. वाटू दे.

गेल्या महिन्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. वय छत्तीस. पहाटे पाचला उठून बदलापूरहून मुंबई गाठायची, रात्री साडेनऊला परत. डोक्यावर घराचा हप्ता आणि कंपनीत कपातीची टांगती तलवार. चहा संपेपर्यंत इकडचे तिकडचे बोलला आणि मग खाली बघत म्हणाला, "सर, वर्ष झालं, मला बायकोजवळ जावंसंच वाटत नाही. माझ्यात काही कमी आहे का?" बायकोला संशय की बाहेर कोणीतरी आहे. आईचे पालुपद, दुसरे मूल कधी? आणि याने कोणा 'वैद्यराजां'ना पुड्यांसाठी अकरा हजार मोजलेले. गुण शून्य, वर त्या अकरा हजारांचाही घोर लागलेला.

मला राग आला. त्याचा नव्हे. पुरुष म्हणजे बटण दाबले की चालू होणारा पंप, हे ज्यांनी त्याच्या डोक्यात भरवले त्यांचा.

अरे, शरीराचे साधे गणित आहे. संकट आले की मेंदू शरीराला लढायला किंवा पळायला तयार करतो. मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. वाघ मागे लागलेला असताना कोणाला शृंगार सुचेल? वाघ निघून गेला की शरीर पूर्ववत होते. पण कर्जाचा हप्ता हा दर महिन्याला येणारा वाघ! ताण महिनोन् महिने टिकला तर मेंदूकडून जननग्रंथींना जाणारे संदेशच मंदावतात. झोपेचेही तसेच. शिकागो विद्यापीठाच्या 2011 सालच्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तर त्यांचे टेस्टोस्टेरॉन दिवसा 10 ते 15 टक्क्यांनी उतरलेले आढळले. माझा विद्यार्थी तर वर्षानुवर्षे पाच तास झोपतो आहे. ती निळी गोळीसुद्धा रक्तप्रवाहाचे काम करते, इच्छा निर्माण करत नाही.

सगळ्यांचे सारखे नसते, हेही खरे. काहींची इच्छा ताणात उलट वाढते. शिवाय मधुमेह, रक्तदाब, नैराश्य आणि त्यांवरची काही औषधे यांचाही परिणाम होतो. म्हणून डॉक्टरकडे जायचे, भिंतीकडे नाही.

आणि बायकांचे काय? तीही पाचला उठते, डबे करते, नोकरी करते, सासूचे ऐकते. तिला रात्री नको वाटले तर तिला 'थंड' म्हणून मोकळे होणारे महाभाग मी शिक्षकांच्या खोलीत पाहिले आहेत. चांगले पदवीधर!

मी तरी काय दिवे लावले? 1980 च्या सुमारास मी एका विनाअनुदानित शाळेत होतो. सतरा महिने पगार नाही. दोन खोल्यांत आई-वडील, धाकटा भाऊ, आम्ही दोघे आणि मुलगी. किराणावाल्याची उधारी चुकवायला मी लांबच्या रस्त्याने घरी यायचो आणि रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचो. सौ. काही विचारायला आली की खेकसायचो. तिला वाटले, बाळंतपणानंतर आपण नकोशा झालो. हे तिने मला सांगितले केव्हा? तब्बल वीस वर्षांनी. पगार सुरू झाल्यावर हळूहळू सगळे सुरळीत झाले होते, पण त्या दोन वर्षांत ती आरशात बघायची टाळत असे, हे मला ठाऊकच नव्हते.

आमच्या पिढीला कोणी सांगितले नाही, असे तरी कसे म्हणू? र. धों. कर्वे हा गणिताचा प्राध्यापक 1927 पासून 1953 साली मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' काढत राहिला. आपण त्याच्यावर खटले भरले. 1934 मध्ये डॉ. आंबेडकर त्याचे वकील म्हणून उभे राहिले. आणि पुढे 2007 मध्ये याच महाराष्ट्राने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. मी तेव्हा नोकरीत होतो. परिपत्रकावर निमूटपणे सही केली. हा विद्यार्थी त्याआधीच शाळेतून बाहेर पडला होता, पण त्यालाही मी पचनसंस्था संपली की दोन पाने उलटून पुढचाच धडा शिकवला होता.

असो. त्याला सांगितले, बायकोला घेऊन ये. परवा दोघे आले. सौ. तिला आत घेऊन गेली, तासभर दार लोटलेले. बाहेर आम्ही दोघे मास्तर-विद्यार्थी क्रिकेट बघत बसलो, स्कोअर मात्र दोघांच्याही लक्षात नव्हता. शनिवारी त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पुड्या मी ठेवून घेतल्या.